मारिओ दोन की दुसरा मारिओ? जुन्या व्हिडिओ गेमच्या नावांतला आकड्यांचा घोळ



आजचा विषय वाचून काहीजण म्हणतील, मॅडमना आता व्हिडिओ गेमवर लिहायची काय वेळ आली! पण या विषयाकडे मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे आले, म्हणून ती चूक आधी सांगते.

चौथीच्या वर्गाला 'माझा छंद' असा प्रकल्प दिला होता. कुणी पोस्टाची तिकिटं चिकटवली, कुणी पानं वाळवून आणली. एका मुलाने आपल्या मामाकडच्या जुन्या व्हिडिओ गेमची यादी केली होती. नाव, वर्ष, चित्र, सगळं नीटनेटकं. पण यादीत 'फायनल फँटसी ३' हे नाव दोनदा आलं होतं, एकदा १९९० समोर आणि एकदा १९९४ समोर. शिवाय तिसऱ्यानंतर एकदम सातवा! मी लाल पेनाने गोल केला आणि लिहिलं, 'एकच नाव दोनदा. क्रम चुकला. पुन्हा तपास.' दहापैकी सहा गुण.

पालकसभेला त्याची आई आली. रागावून नाही, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तो चार दिवस ती वही उघडतच नाहीये. म्हणतो, माझं बरोबर आहे, पण मॅडमना सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी मी शोधायला बसले. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही त्यातच गेली. मुलगा बरोबर होता. १९९० चा तिसरा वेगळा, १९९४ चा तिसरा वेगळा, आणि अमेरिकेतल्या मुलांनी खरोखरच तीननंतर थेट सात पाहिला होता.

हे कसं झालं ते समजून घ्यायला आपल्याच व्याकरणातली एक गोष्ट कामाला येते. संख्याविशेषण शिकवताना आपण सांगतो, 'दोन' हे गणनावाचक आणि 'दुसरा' हे क्रमवाचक. दोन आंबे म्हणजे किती ते कळतं, दुसरा आंबा म्हणजे कितवा ते कळतं. पण आकड्याचं आणखी एक काम असतं, ते आपण फळ्यावर फारसं लिहीत नाही. बसचा नंबर, मोबाईलचा नंबर, खेळाडूच्या पाठीवरचा नंबर. सचिनच्या पाठीवर १० होता म्हणून तो दहावा खेळाडू नव्हता, की दहा खेळाडूही नव्हता! तिथे आकडा फक्त नाव म्हणून येतो.

आता गेमच्या डब्यावर नुसतं '२' छापलेलं असतं. ते 'दोन' वाचायचं की 'दुसरा'? आपण डोळे झाकून 'दुसरा' वाचतो. विकणाऱ्यालाही आपण तसंच वाचावं असं वाटतं, कारण 'दुसरा' म्हटलं की पहिल्याचा खप त्याच्या पाठीशी उभा राहतो. पण कित्येक वेळा तो आकडा बसच्या नंबरासारखा नुसता लावलेला असतो.

आधी सगळ्यांच्या ओळखीचा मारिओ घेऊ. 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये सप्टेंबर १९८५ मध्ये आला. निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्रावर तो खेळायचा. तो इतका चालला की पुढच्याच वर्षी, जून १९८६ मध्ये, जपानमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स २' आला. इथपर्यंत क्रम सरळ आहे. पण हा दुसरा भाग दिसायला हुबेहूब पहिल्यासारखा आणि खेळायला भयंकर अवघड होता. पहिला भाग ज्यांनी पूर्ण पचवला त्यांच्यासाठीच तो केला होता. त्यात विषारी मशरूम होतं, खेळाडूला उलट मागे नेणारे रस्ते होते. आपल्या भाषेत सांगायचं तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा सरावसंच काढावा तसा प्रकार. अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या माणसांनी तो खेळून पाहिला आणि ठरवलं, हा इथे नको. मुलं वैतागतील.

मग अमेरिकेत दुसरा मारिओ आणायचा कुठून? इथून गंमत सुरू होते.

जपानमध्ये जुलै १९८७ मध्ये निन्टेन्डोचाच एक वेगळा गेम आला होता, 'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक'. फुजी टेलिव्हिजन या वाहिनीने त्या उन्हाळ्यात 'युमे कोजो' नावाचा मोठा महोत्सव भरवला होता, त्याची पात्रं या गेममध्ये घेतली होती. इमाजिन नावाचा मुलगा, लिना नावाची मुलगी, आणि मामा, पापा. मारिओचा काही संबंध नाही. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडायचं नाही, तर जमिनीतून भाज्या उपटून त्या फेकून मारायच्या!

अमेरिकेसाठी याच गेममधली चार पात्रं बदलली. इमाजिनच्या जागी मारिओ, मामाच्या जागी लुइजी, पापाच्या जागी टोड आणि लिनाच्या जागी राजकन्या. बाकीही थोडी डागडुजी केली आणि १९८८ मध्ये डब्यावर छापलं 'सुपर मारिओ ब्रदर्स २'. अमेरिकेतल्या मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी हाच दुसरा भाग.

बरं, हा बदल वरवरचा राहिला नाही. मामाची उडी सगळ्यात उंच होती, ती लुइजीला मिळाली. पुढच्याही मारिओच्या कित्येक गेममध्ये लुइजी मारिओपेक्षा उंच उडतो. लिना हवेत थोडा वेळ तरंगायची, म्हणून राजकन्याही तरंगते. मुखवटा घातलेले शाय गाय, चालते बॉम्ब हे सगळे त्या महोत्सवाच्या गेममधून आले आणि मारिओच्या घरचेच झाले. दत्तक आलेलं पोर पुढे घराचं नाव चालवतं, तसंच काहीसं.

आणि अजून एक. 'डोकी डोकी पॅनिक' ज्या कच्च्या प्रयोगातून निघाला, तो मुळात मारिओच्या धर्तीवरच सुरू झाला होता. डावीकडून उजवीकडे जाण्याऐवजी खालून वर चढायचं, दोघांनी मिळून, अशी कल्पना होती. ती तशी जमली नाही, बाजूला पडली, महोत्सवाच्या निमित्ताने तिला वेगळी पात्रं मिळाली, आणि शेवटी समुद्र ओलांडून ती पुन्हा मारिओकडेच आली. म्हणजे 'तो खरा मारिओ नव्हेच' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांचंही पूर्ण बरोबर नाही.

पुढे १९९२ मध्ये हाच अमेरिकन 'दोन' जपानमध्ये विकायला आला. तिथे तर 'दोन' आधीच होता! मग नाव दिलं 'सुपर मारिओ यूएसए'. आणि जपानचा मूळ 'दोन' १९९३ मध्ये अमेरिकेत एका संग्रहात गेला 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने, म्हणजे हरवलेल्या पायऱ्या. हरवल्या कुठेच नव्हत्या, दिल्याच नव्हत्या. पण कंपनी तसं कसं म्हणणार!

मुलांना हे सांगताना मी फळ्यावर दोन उभे रकाने काढले, डावीकडे जपान, उजवीकडे अमेरिका, आणि मधून बाण. बाण एकमेकांना छेदायला लागले तशी मुलं हसायला लागली. चौथीच्या मुलांना हे कळतं, बरं का. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं.

आता 'फायनल फँटसी', जिच्यामुळे मी त्या मुलाचे गुण कापले. ही जपानच्या स्क्वेअर कंपनीची मालिका. पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये जपानमध्ये आला, अमेरिकेत पोचायला १९९० उजाडलं. का? कारण हे गेम म्हणजे उडी मार, पळ असे नाहीत. त्यात लांबलचक गोष्ट असते, पानंच्या पानं संवाद असतात. ते सगळं जपानीतून इंग्रजीत आणायचं. जपानी लिपीत थोड्या जागेत मावणारा मजकूर इंग्रजीत पसरतो आणि कॅसेटमध्ये जागा मोजकी. त्यामुळे अमेरिकेत पहिला भाग आला तोवर जपानमध्ये दुसरा (१९८८) येऊन गेला होता आणि तिसराही (१९९०) बाजारात होता.

दुसऱ्या भागाचं इंग्रजी काम सुरूही झालं होतं. 'डार्क शॅडो ओव्हर पॅलाकिया' असं त्याचं उपनाव ठरलं होतं, जाहिरातही झाली. पण तेवढ्यात नवं यंत्र, सुपर निन्टेन्डो, दारात येऊन ठेपलं. जुन्या यंत्रासाठी भाषांतर करत बसण्यापेक्षा नवा चौथा भागच अमेरिकेत न्यावा, असं ठरलं. १९९१ मध्ये तो गेला. आता अमेरिकेतल्या दुकानात एकच्या शेजारी चार ठेवला तर गिऱ्हाईक विचारणार, मधले दोन कुठे आहेत? म्हणून चौथ्याच्या डब्यावर छापलं 'दोन'.

एकदा हे केलं की पुढे तेच निस्तरावं लागतं. पाचवा भाग (१९९२) त्या वेळी अमेरिकेत गेलाच नाही. सहावा १९९४ मध्ये गेला, तो तिथे झाला 'तीन'. आणि १९९७ मध्ये सातवा आला, तेव्हा कंपनीने ठरवलं की आता जगभर एकच आकडा. अमेरिकेत थेट 'सात'. एक, दोन, तीन, सात! ज्या मुलाने १९९४ मध्ये 'तीन' खेळला होता, तो दुकानात उभा राहून चार, पाच, सहा शोधत राहिला असेल तर त्यात त्याची काय चूक?

पाचवा भाग इंग्रजीत १९९९ मध्ये आला. खरा दुसरा २००३ मध्ये आणि खरा तिसरा, तोही नव्याने बनवलेला, २००६ मध्ये. म्हणजे अमेरिकेतल्या खेळाडूच्या हाती हे भाग कोणत्या क्रमाने आले? एक, चार, सहा, सात, मग आठ, मग पाच... आणि दहा होऊन गेल्यावर दोन, त्यानंतर तीन! पाचवीच्या शिक्षकांनो, तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. या डब्यांवर आकडे रोमन संख्याचिन्हांत असतात. चार म्हणजे 'आय-व्ही' आणि सहा म्हणजे 'व्ही-आय'. चिन्हं तीच, जागा उलट. माझ्या विद्यार्थ्याने हे दोन्ही बरोबर लिहिले होते आणि मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग गोष्ट कशी कळत होती त्या मुलांना? मधले भाग गेल्यावर पुढचं कसं समजायचं? तर 'फायनल फँटसी'च्या या जुन्या भागांची गोष्ट एकमेकांशी जोडलेलीच नाही. प्रत्येक भागात नवं जग, नवी माणसं. म्हणून तर आकडे बदलून खपवता आले. तिथे आकडा खरोखरच बसच्या नंबरासारखा होता.

उलट काही मालिकांत गोष्ट जोडलेली असते, पण आकडा काळाच्या उलट चालतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग १९८८ चा. तो खेळत खेळत शेवटाला आलं की उलगडतं, ही तर पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट आहे. आकडा तीन, पण काळाने पहिली. आता क्रमवाचक म्हणायचं तर कोणत्या क्रमाने? बाजारात आल्याच्या की घडल्याच्या? मुलांना चित्रं देऊन 'घटनाक्रम लावा' म्हणतो ना आपण, तिथे हा प्रश्न विचारून बघा.

आता तात्पुरत्या नावांकडे. आपल्याकडे बारसं होईपर्यंत बाळाला बाळच म्हणतात, नाहीतर सोनू, चिंटू. शाळेच्या रजिस्टरला वेगळं नाव. कधीकधी रजिस्टरवरच्या नावाने हाक मारली तर पोरगं वळूनसुद्धा बघत नाही! गेमचंही असंच. बनत असताना एक नाव असतं, विकायला आल्यावर दुसरं. घोळ होतो तो आधीचं नाव बाहेर फुटतं तेव्हा.

कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर' १९८७ चा. त्यानंतर त्यांनी रस्त्यावरच्या गुंडांना बदडत पुढे जायचा एक गेम केला आणि लोकांना दाखवला तो 'स्ट्रीट फायटर ८९' या नावाने. पाहणाऱ्यांनी सांगितलं, हा काही स्ट्रीट फायटरसारखा नाही. तिथे दोघांची समोरासमोर कुस्ती, इथे टोळीशी मारामारी. मग नाव बदलून 'फायनल फाइट' केलं. खरा दुसरा 'स्ट्रीट फायटर' १९९१ मध्ये आला. तो इतका गाजला की कंपनीला 'तीन' म्हणावंसंच वाटेना. चॅम्पियन एडिशन, टर्बो, सुपर, सुपर टर्बो अशा आवृत्त्या निघत राहिल्या, सगळ्या 'दोन'च. तिसरा थेट १९९७ मध्ये. एका वर्गात पाच वर्षं बसलेल्या मुलासारखा हा 'दोन', फक्त हा दरवर्षी पहिला येत होता.

पण तात्पुरत्या नावाचा सगळ्यात चटका लावणारा किस्सा 'मदर'चा. ही जपानी मालिका, पहिला भाग १९८९ चा. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये पूर्ण झालं. नुसतं सुरू नाही, पूर्ण झालं. नाव ठरलं 'अर्थ बाउंड'. आणि तो विकायला आलाच नाही. पुढे 'मदर २' निघाला (१९९४). तो १९९५ मध्ये अमेरिकेत गेला, आणि पहिल्यासाठी ठरवलेलं नाव या दुसऱ्याला दिलं. काही वर्षांनी त्या जुन्या, न विकलेल्या कॅसेटमधला मजकूर चाहत्यांच्या हाती लागला. पडद्यावर नाव 'अर्थ बाउंड', पण त्या नावाचा गेम तर सगळ्यांच्या ओळखीचा होता! मग चाहत्यांनी त्याला म्हटलं 'अर्थबाउंड झीरो'. मोठ्या भावाचं नाव धाकट्याला दिलं आणि मोठा शून्य झाला. कंपनीने तो अधिकृतपणे इंग्रजीत दिला २०१५ मध्ये, 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' या नावाने. तयार असलेलं भाषांतर पंचवीस वर्षं पडून होतं.

शून्य हा क्रमवाचक होतो का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. 'शून्यावा' असा शब्द आपण वापरत नाही. व्याकरण जाणणाऱ्यांनी जरूर सांगावं.

माझ्या वयाच्या पालकांना हे सगळं वाचताना आपल्या घरातलं यंत्र आठवलं असेल. टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, दोन जॉयस्टिक, बदकं मारायची बंदूक आणि पिवळी कॅसेट. निन्टेन्डोचं मूळ यंत्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं, आपण खेळलो ते त्याच्या नकलांवर. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोजायला बसलं की कळायचं, दहा-बारा गेम आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या आकड्याने आलेत. गणनावाचकाची एवढी उघड फसवणूक मी नंतर कुठे पाहिली नाही.

अशाच नकली कॅसेटींमधला एक 'सुपर मारिओ १४'. मारिओचा चौदावा भाग? छे! जपानच्याच एका दुसऱ्या गेममधल्या निन्जाच्या धडावर मारिओचं डोकं चिकटवलेलं. 'सुपर मारिओ १६' म्हणजे 'जो अँड मॅक' हा आदिमानवांचा गेम, तोच प्रकार. 'सुपर काँट्रा ७' तर काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीशी संबंध नसलेल्यांनी परवानगीविना केलेला. आम्ही मोठ्या दिमाखात सांगायचो, आमच्याकडे चौदावा आहे, तुमच्याकडे पहिलाच!

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण निन्टेन्डोने पण तेच केलं ना? दुसऱ्या गेमवर मारिओचं डोकं लावलं." मला पटकन उत्तर सुचलं नाही. फरक आहे. गेम त्यांचाच होता, मारिओही त्यांचाच आणि पुढे त्यांनी ती पात्रं सांभाळली. पण डब्यावरचा आकडा वाचून विकत घेणाऱ्या मुलाला तो फरक दिसत नव्हता, हे तिचं म्हणणं खोटं नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर सोपं आहे. गेमची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, पण एका बाजूला डब्यावरचा आकडा आणि मागे वर्ष व देश. आधी आकड्याप्रमाणे रांग लावू द्या. मग चिठ्ठ्या उलट्या करून वर्षाप्रमाणे. दोन रांगा जुळत नाहीत म्हटल्यावर मुलं आपणहून विचारतात, का? माझा अनुभव असा की एका तासात मारिओ पुरे होतो. 'फायनल फँटसी' दुसऱ्या दिवशी घ्या, नाहीतर गोंधळ उडतो. आणि पालकहो, यासाठी मुलांच्या हाती गेम द्यायची गरज नाही, चिठ्ठ्या पुरतात.

त्या मुलाची वही मी परत मागून घेतली. वर्गासमोर सांगितलं की याचं बरोबर होतं, चूक माझी होती. लाल गोलाशेजारी लाल पेनानेच 'माझी चूक' लिहून सही केली आणि सहाचे दहा केले. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी मात्र मधल्या सुट्टीत नवा कागद घेऊन आला. या वेळी चार रकाने होते : वर्ष, जपानचा आकडा, अमेरिकेचा आकडा, मामाकडे आहे का. तळाशी एका नावावर बोट ठेवून त्याने विचारलं, "मॅडम, हा दहा आणि मधे आडवी रेघ आणि दोन. दहा वजा दोन म्हणजे हा आठवा का?"

तो दहाव्याच्याच गोष्टीचा पुढचा भाग, 'दहा-दोन'. २००३ मध्ये आला. आणि अकरावा त्याच्या आदल्या वर्षीच येऊन गेला होता.